मेंदूत दिवा लावण्याआधी मिठाच्या पाण्यात लावून बघा

गेल्या दिवाळीत मी फैजपूरला घरी होते. शेजारच्या आप्पांचा नातू बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने माझ्या बॅगेतली एक छोटी डबी उघडली. आत गव्हाच्या दाण्याहून थोडी लांब अशी पांढरी सिरॅमिकची नळी होती आणि तिच्यातून दोन केसांच्या जाडीचा काचेचा धागा बाहेर आलेला. "ताई, हाई काय शे?" मी सांगितलं, उंदराच्या मेंदूत प्रकाश पोचवायचं इम्प्लांट आहे, आणि याच्यासोबत तारा लावल्या की पेशी काय बोलतात तेही ऐकता येतं. त्याने लगेच विचारलं, हे शिकायला पुण्या-बंगलोरलाच जावं लागतं का?

शेवटी जावं लागतं, कारण प्राणी, परवानग्या आणि शस्त्रक्रिया तिथेच आहेत. पण या कामात हात बसायला जो वेळ लागतो, त्यातला बराचसा काचेचा धागा, तार, मिठाचं पाणी आणि मोजमाप यांवर जातो. ते सगळं जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कुठल्याही कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये करता येतं. मी ते उशिरा शिकले, म्हणून त्याच्यासाठी लिहून काढलं. तुमच्यापैकी कुणाला यात रस असेल तर तुमच्यासाठीही.

आधी हे कशासाठी, ते

मेंदूच्या एका टाचणीच्या डोक्याएवढ्या भागात हजारो पेशी असतात, वेगवेगळ्या जातींच्या, एकमेकींत गुंतलेल्या. वीज सोडली की जवळपासच्या सगळ्याच चेततात. एकाच जातीच्या पेशी चालू-बंद करता आल्या पाहिजेत, ही गरज डीएनएची रचना उलगडणाऱ्या फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ सालीच मांडली होती. उत्तर आलं शेवाळातून. शेततळ्याचं पाणी हिरवं होतं ना, तशा पाण्यात वाढणारी क्लॅमिडोमोनस नावाची एकपेशीय वनस्पती प्रकाशाकडे पोहत जाते. तिच्या पेशीच्या पडद्यात एक प्रथिन असतं. निळा प्रकाश पडला की ते दार उघडतं आणि विद्युतभारित कण आत येतात. त्याचं नाव चॅनेलरोडॉप्सिन. २००५ साली बॉयडेन, डायसेरॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनाचा जनुक चेतापेशींत घालून दाखवला. निळ्या प्रकाशाच्या एकेका झोताला पेशी विजेचा एकेक स्पंद देऊ लागली. आता विषाणूच्या मदतीने हा जनुक हव्या त्या जातीच्याच पेशींत पोचवतात. बाकीच्या पेशींवर प्रकाश पडला तरी त्यांना त्याचं काही नसतं.

गावात मला एक प्रश्न हमखास येतो, तो इथेच सांगते. आमच्या बाबांना कंपवात आहे, त्यांना हे बसवता येईल का? नाही. कंपवातासाठी माणसाच्या मेंदूत जे बसवतात ते विजेवर चालतं आणि ते वेगळं तंत्र आहे. प्रकाशाचं इम्प्लांट आज मुख्यतः प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरच्या संशोधनात वापरतात. माणसांत सुरुवात डोळ्यापासून झाली. २०२१ साली एका अंध रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्यात असं प्रथिन घालून, खास चष्म्यातून प्रकाश टाकून, त्याला टेबलावरच्या वस्तू ओळखण्यापुरती दृष्टी परत आल्याचं प्रसिद्ध झालं. डोळ्यात प्रकाश आपणहून जातो. मेंदूत तो न्यावा लागतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिली पायरी: कोणतं यंत्र, ते ठरवा

प्रकार बरेच आहेत, पण नवख्याने फार वेळ घालवू नये. सगळ्यात साधं म्हणजे नुसता फायबर: बाहेर दिवा, आत काचेचा धागा. त्याच्या बाजूने बारीक टंगस्टनच्या तारा चिकटवल्या की ऑप्ट्रोड झाला. उजेडही टाकतो, ऐकतोही. पुढे सिलिकॉनच्या सुया येतात. न्यूरोपिक्सेल्स नावाच्या अशाच सुईच्या मूळच्या प्रकारात १० मिलिमीटरच्या दांडीवर ऐकणारे ९६० ठिपके आहेत आणि त्यातले ३८४ एका वेळी ऐकता येतात. काही सुयांवर दिवेच बसवलेले असतात, पेशीएवढ्या आकाराचे मायक्रो-एलईडी. बिनतारी प्रकारही आहेत, त्यात प्राणी मोकळा फिरतो. फायबर फोटोमेट्री म्हणून आणखी एक आहे. त्यात त्याच धाग्यातून पेशींची चमक परत बाहेर आणून मोजतात.

तुम्ही नुसत्या फायबरपासून सुरुवात करा. बाकी सगळ्यांचे धडे त्यातच आहेत.

दुसरी पायरी: कागदावर उजेड मोजा

हे टाळू नका. काहीही विकत घेण्याआधी वहीत एक हिशेब मांडा.

चॅनेलरोडॉप्सिन चेतवायला साधारण दर चौरस मिलिमीटरला १ मिलिवॉट प्रकाश लागतो, असा ढोबळ नियम धरतात. फायबरचा गाभा २०० मायक्रॉनचा, म्हणजे त्रिज्या ०.१ मिलिमीटर, म्हणजे टोकाचं क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मिलिमीटर. टोकातून ५ मिलिवॉट बाहेर आले तर टोकापाशी तीव्रता १५९. भरपूर वाटतं. पण मेंदूची ऊती दुधासारखी असते, प्रकाश तिच्यात विखुरतो, शिवाय धाग्यातून निघताना तो पसरतोही. नेहमीच्या सूत्राने ०.३९ न्यूमरिकल अ‍ॅपर्चरच्या (म्हणजे निघताना प्रकाश किती पसरतो, त्याचं माप) फायबरसाठी, उंदराच्या मेंदूचा विखुरण्याचा गुणांक धरून हिशेब केला, तर अर्धा मिलिमीटर खाली सुमारे ४ उरतात आणि एक मिलिमीटर खाली सुमारे ०.८. म्हणजे १५९ पासून निघालेला उजेड ज्वारीच्या दाण्याची अर्धी जाडी ओलांडेपर्यंत नियमाच्या खाली गेला.

हा आकडा स्वतःच्या हाताने काढला की दोन गोष्टी आपोआप कळतात. फायबरचं टोक हव्या त्या पेशींच्या अगदी वर, अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवावं लागतं. आणि खोल पोचावं म्हणून नुसती दिव्याची ताकद वाढवत गेलं तर टोकाजवळच्या पेशी भाजतात. तापमान एखाद्या अंशाने वाढलं तरी पेशींचं वागणं बदलू शकतं, प्रथिन असो वा नसो. म्हणून प्रकाश सलग न देता झोतांत देतात. ५ मिलिसेकंदांचा झोत सेकंदाला २० वेळा दिला तर दिवा एकूण वेळाच्या १० टक्केच चालू राहतो. आणि म्हणूनच प्रत्येक प्रयोगात, प्रथिन नसलेल्या प्राण्यालाही तोच उजेड देऊन बघावा लागतो.

तिसरी पायरी: धाग्याचं टोक

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक इम्प्लांट इथेच बिघडतात.

२०० मायक्रॉनचा फायबर जळगावात मिळणार नाही. पण सरावाला तो लागतही नाही. इंटरनेटचं केबल जोडणाऱ्या मुलांकडे फायबरचे तुकडे रोज उरतात. मागा, देतील. तो १२५ मायक्रॉनचा असतो, पण काच तीच, मोडते तशीच. त्यांच्याकडचे एलसी कनेक्टरही मागून घ्या. त्यातली पांढरी सिरॅमिकची नळी, म्हणजे फेरूल, १.२५ मिलिमीटर व्यासाची असते. आमच्या इम्प्लांटचीही तेवढीच असते. फरक आतल्या भोकाचा.

काम असं. वरचं प्लॅस्टिकचं आवरण सोलायचं. हिरकणीच्या किंवा कार्बाइडच्या टोकाने काचेवर एकच हलकी खूण करायची, आडवी. घासायचं नाही. मग सरळ ओढायचं. खूण बरोबर बसली असेल तर धागा टक्कन तुटतो आणि टोक सपाट येतं. दाबून मोडला तर जीभ निघते, टवका उडतो. धागा फेरूलमध्ये घालून इपॉक्सी गोंदाने चिकटवायचा, वाळला की फेरूलची बाजू लॅपिंग फिल्मवर, म्हणजे अगदी बारीक पॉलिश कागदावर, घासायची. आधी ५ मायक्रॉन, मग ३, मग १, शेवटी ०.३. हात इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा, वजन फक्त बोटाचं. आपल्याकडच्या उन्हाळ्याचं एक सांगते: मे महिन्यात इपॉक्सी डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या बरीच आधी घट्ट होते. एका वेळी तूरडाळीच्या दाण्याएवढीच कालवा.

मग तपासणी. माझे मामा सराफ बाजारात कारागीर आहेत. मी पहिल्यांदा केलेला फायबर त्यांना दाखवला. त्यांनी डोळ्याला दहापट भिंग लावलं, धाग्याचं मागचं टोक खिडकीकडे धरायला लावलं आणि पुढचं टोक हळूहळू फिरवत बघितलं. म्हणाले, "चंद्र पुरा नाही." खरंच होतं. टोकाचं तेजस्वी वर्तुळ सहाच्या काट्यापाशी कापलेलं होतं, तिथे काचेचा बारीक टवका उडाला होता. चांगल्या टोकात पूर्ण गोल, एकसारखा उजळ चंद्र दिसतो. दुसरी खूण म्हणजे पांढऱ्या कागदासमोर धरल्यावर उजेडाचा गोल काठाला स्वच्छ पडतो. बाजूला शेपटी आली तर टोक वाकडं तुटलंय. भिंगाची सवय नसेल तर ओळखीच्या सोनाराकडे अर्धा तास बसा. बारीक टोक कसं धरायचं आणि उजेडात कसं फिरवायचं, हे त्यांच्याइतकं चांगलं मला कुणी शिकवलं नाही.

पुढे खऱ्या लॅबमध्ये यात पॉवर मीटरची भर पडते. दिव्याकडून येणाऱ्या फायबरच्या दोरीतून किती निघालं आणि इम्प्लांटमधून किती निघालं, याचं गुणोत्तर काढायचं. ८० टक्क्यांच्या खालचं मी ठेवत नाही. प्रत्येकाचा आकडा वहीत जातो, कारण इम्प्लांट एकदा बसलं की तो पुन्हा मोजता येत नाही.

काचेच्या कपच्या फार वाईट. दिसत नाहीत, बोटात शिरतात, निघत नाहीत. टेबलावर काळा कागद घाला, प्रत्येक तुकडा चिकटपट्टीवर चिकटवून झाकणाच्या बाटलीत टाका, आणि त्या टेबलावर जेवू नका. लेझर सुरुवातीला घेऊ नका, एलईडी घ्या. तोही डोळ्यासमोर धरू नका.

चौथी पायरी: चायना ग्रासचा मेंदू

लॅबमध्ये मेंदूची नक्कल म्हणून ०.६ टक्के अ‍ॅगरोजची जेली वापरतात. सुई आत जाताना मेंदूसारखाच मऊपणा देते. किराणा दुकानातला चायना ग्रास म्हणजे अगारच. उजेड बघायला तो पुरतो. पाण्यात उकळून दोन वाट्यांत ओता, एकीत थोडं दूध घाला. थंड झाल्यावर वड्या पाडा. सजावटीच्या दिव्यात असतो तो प्लॅस्टिकचा फायबर निळ्या एलईडीला जोडा आणि खोली पूर्ण अंधारी करा. लोडशेडिंगची वेळ साधली तर गल्लीचाही उजेड आत येणार नाही.

साध्या वडीत निळी रेघ सरळ जाते, अगदी पुस्तकातल्यासारखी. दुधाच्या वडीत रेघच नाही. टोकाभोवती एक निळा गोळा, आणि त्याच्यापलीकडे अंधार. मेंदूत हेच होतं. आता दिव्याचा करंट दुप्पट करा आणि बाजूने फोटो घ्या, मोबाइलचं एक्स्पोजर लॉक करून. गोळा दुप्पट होत नाही, जेमतेम फुगतो. मग लाल एलईडी लावा. तो लांब जातो. मेंदूत रक्तही असतं आणि ते निळा प्रकाश जास्त शोषतं, त्यामुळे तिथे हा फरक आणखी ठळक असतो. क्रिम्सनसारखी लालसर प्रकाशाला उघडणारी प्रथिनं शोधण्यामागे हेच कारण होतं.

पाचवी पायरी: मिठाच्या पाण्यातली खोटी स्पंदनं

लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

चेतापेशीचा स्पंद बाहेरून ऐकला तर काही दहा ते काही शंभर मायक्रोव्होल्टचा असतो, एक मिलिसेकंदभर टिकतो, आणि तार पेशीपासून १०० मायक्रॉनच्या आत असेल तरच ऐकू येतो. ते ऐकायला ३०० ते ६००० हर्ट्झचा पट्टा धरतात आणि सेकंदाला ३०,००० नमुने घेतात. या इवल्या आवाजाशेजारी आपण दिवा लावतो. आणि धातूच्या तारेवर उजेड पडला की तार स्वतःच व्होल्टेज देते. बेकरेल या फ्रेंच तरुणाने १८३९ सालीच हे पाहिलं होतं. सौरपॅनेलची गोष्ट तिथूनच सुरू होते. आमच्या कामात मात्र तो शत्रू आहे.

माझ्या पहिल्या वर्षी मला प्रत्येक झोताबरोबर स्क्रीनवरच्या आलेखात वर उसळलेलं एक देखणं टोक दिसायला लागलं. दोन आठवडे मी ते पेशीचं उत्तर समजून साठवत होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तीच तार काढून मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवली आणि तोच झोत दिला. स्क्रीनवर तेच टोक आलं. भांड्यात मेंदू नव्हता. दोन आठवड्यांचं काम, आणि त्यात वापरलेल्या प्राण्याचं जगणं, माझ्या एका न केलेल्या चाचणीत गेलं. ते मला अजून टोचतं.

म्हणून तुम्ही ही चाचणी आधीच शिका. १०० मिलिलिटर पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ. त्यात आवरण असलेली, फक्त टोक उघडं अशी स्टीलची बारीक तार आणि थोडी लांब दुसरी संदर्भाची तार. आयएनए १२८ सारखा अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीवर चालवा आणि बाहेरचा सिग्नल लॅपटॉपच्या साउंड कार्डात द्या. लॅपटॉपही चार्जर काढून. मग एलईडीचे झोत तारेच्या टोकावर टाका आणि नोंद करा.

आलेखात टोक दिसलं की एकदम आनंद मानू नका, दुःखही नको. एलईडीवर काळी चिकटपट्टी लावा आणि झोत पुन्हा द्या. टोक गेलं, तर ते उजेडामुळे होतं. टोक राहिलं, तर उजेडाचा संबंध नाही. दिव्याच्या वायरमधला करंट शेजारच्या तारेत घुसतोय. पहिल्याचा उपाय म्हणजे उजेड थेट तारेवर पडू न देणं, ताकद कमी करणं, झोत एकदम न देता चढता देणं. मोठ्या लॅब ग्राफीनसारखे पारदर्शक इलेक्ट्रोडही वापरतात. दुसऱ्याचा उपाय वायर लांब नेणं, पिळणं, मध्ये जमिनीला जोडलेला पडदा घालणं. मायक्रो-एलईडी असलेल्या सुयांत दिव्याच्या रेघा आणि ऐकण्याच्या रेघा केसाच्या अंतरावर असतात, त्यामुळे हा दुसरा त्रास तिथे जास्त.

खरं स्पंद आणि खोटं यांत आणखी एक ओळख आहे. खोटं उजेडाच्या क्षणीच येतं, दर वेळी हुबेहूब तेच, आणि दिवा बंद होताना उलटं होऊन परत येतं. खरं स्पंद काही मिलिसेकंद थांबून येतं आणि दर झोताला थोडं मागे-पुढे होतं.

बघायला खरा डेटाही हाताशी आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने न्यूरोपिक्सेल्सच्या नोंदी सर्वांना खुल्या ठेवल्यात. त्यात प्रकाशाने पेशींची जात ओळखण्याचे प्रयोगही आहेत, आणि झोताच्या सुरुवातीला व शेवटी हीच खोटी टोकं दिसतात. एकेका सत्राची फाइल काही जीबीची असते. कॉलेजच्या वायफायवर रात्री लावून ठेवा.

सहावी पायरी: पन्नास हर्ट्झ

आपल्याकडे शेतात पंप, घरात कूलर, आणि सगळ्यांची एकच घरघर. स्क्रीनवर सेकंदाला पन्नास लाटा दिसल्या तर ती मेन्सची वीज. खिडकीला लावतात ती अ‍ॅल्युमिनिअमची जाळी घेऊन पेटी करा, भांडं आणि अ‍ॅम्प्लिफायर आत ठेवा, जाळी एकाच ठिकाणी अर्थ करा. दोन ठिकाणी केलं तर फेरा तयार होतो आणि घरघर वाढते. अर्थिंग जिवंत आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात बादलीभर पाणी ओतल्यावर माझ्या आलेखातली अर्धी घरघर गेलेली मी पाहिली आहे.

सातवी पायरी: जिवंत काहीतरी

लाजाळू. नर्सरीत मिळतं. पान मिटताना देठातून विजेचा खरा स्पंद जातो, मिलिव्होल्टच्या घरातला, संथ, सेकंदांत मोजायचा. इथे साउंड कार्ड चालत नाही कारण ते इतके संथ सिग्नल गाळून टाकतं. अ‍ॅम्प्लिफायर आर्डुइनोला, म्हणजे सिग्नल वाचून संगणकाला देणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला, जोडा.

याला चांदीची तार लागते, आणि त्यासाठी जळगावसारखं गाव नाही. सराफाकडून बारीक, शुद्ध चांदीची तार मागा. दागिन्यांच्या चांदीत तांबं असतं, ती नको. तार कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवली की तिच्यावर करडा-जांभळा थर येतो, तो सिल्व्हर क्लोराइड. अशी तार व्होल्टेज स्थिर धरते, मोठ्या लॅबमध्येही संदर्भाला हीच असते. ईसीजीच्या जेलने देठाला लावा, दुसरी कुंडीतल्या ओल्या मातीत खोचा आणि पानाला बोट लावा.

आठवी पायरी: इथून पुढे घरी नाही

हे स्पष्ट सांगते. उंदीर, घूस, कोंबडीचं पिल्लू, काहीही असो, घरी किंवा परवानगी नसलेल्या लॅबमध्ये त्याच्यावर सुई लावायची नाही. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा १९६० चा कायदा आहे. त्याखाली केंद्राची समिती संस्थेची नोंदणी करते, प्रत्येक संस्थेची प्राणी नैतिकता समिती प्रत्येक प्रयोग आधी तपासते. जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूसाठी जैवसुरक्षा समिती वेगळी. वेदनाशामक, भूल, नंतरची देखभाल, सगळं तिथे लिहून द्यावं लागतं. हे सगळं कटकटीचं वाटेल, पण प्राण्याच्या बाजूने बोलणारं त्या खोलीत दुसरं कुणी नसतं.

म्हणून पुढची वाट उन्हाळी इंटर्नशिपची. आयसर पुणे, मुंबईचं टीआयएफआर, बंगलोरची एनसीबीएस आणि आयआयएससी, हरियाणातल्या मानेसरचं एनबीआरसी इथे मेंदूवर काम करणाऱ्या लॅब आहेत. त्यांची पानं वाचून, ज्यांचं काम खरंच आवडलं अशा दोघा-तिघांनाच मेल करा. मेल छोटा ठेवा. "मला न्यूरोसायन्सची आवड आहे" असं लिहिणारे रोज येतात. तुम्ही फायबरच्या टोकाचा भिंगातून घेतलेला फोटो लावा, दुधाच्या वडीचा लावा, आणि मिठाच्या पाण्यातले तीन आलेख एकाखाली एक: दिवा बंद, दिवा चालू, दिव्यावर काळी पट्टी. खाली दोन ओळींत लिहा की तिसऱ्यात काय दिसलं आणि तुम्हाला ते का वाटतं. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल.

आप्पांच्या नातवाने परवा मला त्याचे तीन आलेख पाठवले. तिसऱ्यात काळ्या पट्टीनंतरही बारीकसं टोक उरलंय. फोटोत दिसतंय की दिव्याची वायर आणि इलेक्ट्रोडची तार एकाच चिकटपट्टीखालून टेबलावर गेली आहे. या रविवारी तो ती वेगळी करणार आहे.